फडताळ, कपाट आणि वॉर्डरोब : बसविलेल्या कपाटाची मापे व संज्ञा

शयनगृहाची एक भिंत व्यापणारे, त्या भिंतीच्याच मापाने घडविलेले कपड्यांचे कपाट शहरी घरांत आता सर्वत्र रूढ झाले आहे. हा विषय सुतारकामाचा. त्याची चर्चा भाषेच्या अभ्यासकाने का करावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, या वस्तूच्या रचनेत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा चुका हत्यारांच्या नसून शब्दांच्या असतात. ‘कपाट’ या एका संज्ञेखाली आपण दोन भिन्न वस्तू एकत्र केल्या आहेत, आणि त्या सरमिसळीची किंमत घरातील जागेच्या रूपाने मोजावी लागते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम नावांकडे पाहू. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. तोच शब्द प्राकृतातून ‘कवाड’ या रूपाने मराठीत आला व मूळ अर्थ टिकवून राहिला. तत्सम ‘कपाट’ मात्र, दारामागे जे साठविले जाते त्या साठवणीचे नाव बनले. ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी शस्त्रे ठेवण्याच्या जागेचा वाचक असा लॅटिन शब्द आहे. ‘वॉर्डरोब’ हा इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घेतलेला शब्द; त्याचा अर्थ वस्त्रे राखणारा. ‘फडताळ’ ही या सर्वांहून निराळी वस्तू होय. ते भिंतीच्या जाडीतच कोरलेले असे. म्हणजे एका नावाने दार सांगितले, दुसऱ्याने साठवण, तिसऱ्याने वस्त्र आणि चौथ्याने भिंत.

फडताळ शक्य झाले ते दोन कारणांनी. जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फुटांपर्यंत जाड असत आणि वस्त्रे घडी घालून ठेवली जात. धोतर, उपरणे, लुगडे यांची घडी फूट-सव्वा फूट खोलीच्या फळीवर सुखाने राहते. पुढे सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याची घरे आली. त्यांतील आतल्या भिंती साडेचार ते सहा इंचांच्या. त्यांत फडताळ मावणे शक्य नव्हते. त्याच सुमारास कोट, सदरे, पाटलोणी टांगून ठेवण्याची पद्धतही पसरली. टांगलेल्या कोटाला खांद्यांची रुंदी लागते. हँगर सुमारे ४५० मिलिमीटरचा. बाह्या धरून आतील मोकळी जागा निदान ५३० ते ५५० मि.मी. हवी. मागची फळी व पुढचे दार मिळविले की एकूण माप ६०० मि.मी., म्हणजे दोन फूट होते. आज सर्वत्र ऐकू येणाऱ्या ‘दोन फुटी’ कपाटाचे मूळ या हँगरात आहे.

या ठिकाणी सरमिसळ घडते. ६०० मि.मी. हे टांगणीचे माप. घडीला ४०० मि.मी. पुरतात. तरीही सबंध कपाट एकाच खोलीचे केले जाते. घडीच्या कपड्यांची मग मागेपुढे दोन रांगा होते, आणि मागच्या रांगेतील वस्त्र वर्षानुवर्षे हाती लागत नाही. जागेचा हिशेब पाहा. ३ मीटर लांबीचे दोन फुटी कपाट १.८ चौरस मीटर भूमी व्यापते. ३ मीटर × ३.६ मीटर अशा खोलीचा हा सहावा हिस्सा होय. यास्तव कपाटाची आखणी करताना पहिला प्रश्न रंगाचा वा दाराचा नसून ‘घडी किती आणि टांगणी किती?’ हा असावा. ज्या घरात साड्या अधिक, तेथे घडीचा भाग मोठा धरावा. जड जरीची पैठणी टांगल्याने ताणली जाते, ती मऊ सुती कापडात गुंडाळून, घडी अधूनमधून बदलून ठेवणेच इष्ट. टांगणीच्या भागातही भेद आहे. सदऱ्यांना सुमारे १ मीटर उंची पुरते, म्हणून तेथे एकावर एक दोन दांड्या बसतात; लांब झग्याला वा शेरवानीला दीड मीटरहून अधिक उंची लागते.

यानंतर फळीचा विचार. प्लायवूडचा तक्ता ८ × ४ फुटांचा, म्हणजे २४४० × १२२० मि.मी. असतो. १८ मि.मी. जाडीची फळी ९०० मि.मी.पेक्षा लांब ठेवली तर भाराने वाकते. म्हणून दोन उभ्या फळ्यांमधील अंतर त्याहून कमी राखावे. सुतार जाडी सुतांत सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘सहा सूत’ म्हणजे सुमारे १९ मि.मी. बाजारातील तक्ता १८चा निघाला, तर चार खणांच्या कपाटातील पाच उभ्या फळ्यांत मिळून ५ मि.मी.चा फरक पडतो, आणि दारे एका रेषेत येत नाहीत.

तिसरे माप भिंतीचे. कोणतीही भिंत ओळंब्यात असतेच असे नाही. म्हणून मोकळ्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजून सर्वांत लहान माप घ्यावे. दोन्ही बाजूंस थोडी फट सोडून ती भिंतीच्या वळणाप्रमाणे तासलेल्या पट्टीने झाकावी. उंचीच्या बाबतीत एक भूमितीय अडचण आहे. २७०० मि.मी. उंच व ६०० मि.मी. खोल पेटी आडवी जोडून उभी करू गेल्यास तिचा कर्ण सुमारे २७६६ मि.मी. भरतो, तेवढ्याच उंचीच्या छताखाली ती उभीच राहू शकत नाही. म्हणून खालची पेटी व वरचा माळा निराळे घडवितात. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत बाहेरच्या भिंतीशी कपाट चिकटवू नये. मागे वारा खेळण्यापुरती जागा व खाली बैठक ठेवावी.

शेवटी संज्ञांचा प्रश्न. वर ‘खोली’ हा शब्द दोन अर्थांनी आला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ‘खोलीचे माप’ म्हणजे दालनाचे की कपाटाच्या आतबाहेरच्या अंतराचे? कारागीर येथे ‘डेप्थ’ म्हणतो तेव्हा ती भाषेची हेळसांड नसते. समरूप शब्दांतील संदिग्धता त्याने आपल्यापुरती सोडविलेली असते. ‘खण’ हाही असाच शब्द. वाड्यात तो दोन खांबांमधील अंतराचा वाचक, कपाटात दोन उभ्या फळ्यांमधील जागेचा, आणि मेजाच्या बाबतीत ओढून काढावयाच्या पेटीचा. शब्द एक आणि खर्च मात्र निराळे, अशी ही स्थिती आहे.

यावर नवी परिभाषा रचण्याची आवश्यकता नाही. चालू शब्दांना विशेषणे जोडली तरी पुरे. ‘घडीचा खण’, ‘टांगणीचा खण’ व ‘ओढीचा खण’; ‘आतले माप’ व ‘बाहेरचे माप’; आणि खोलीऐवजी ‘पुढून मागे इतके’. काम सांगताना कागदावर एवढे लिहिले गेले, तर घरमालक, आराखडाकार व सुतार यांच्या मनांत एकच वस्तू उभी राहील. ‘फडताळ’ हा शब्दही पुन्हा उपयोगी पडू शकेल. दारामागच्या अरुंद भिंतीवर, जेथे दोन फुटी कपाट बसत नाही, तेथे केवळ घडीच्या कपड्यांसाठी केलेल्या उथळ कपाटाला याहून नेमके नाव मराठीत शोधावे लागणार नाही.