रिव्हेट नवा, रोग जुना

जुन्या वळणाच्या स्पोर्ट्स कारचा ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटभोवती फुगू लागला, रंगाखालून पांढरी भुकटी डोकावू लागली, की सगळ्यांचे बोट रिव्हेटकडे जाते. जुना काढायचा, त्याच मापाचा नवा मारायचा, जमल्यास स्टेनलेसचा, आणि वरून रंगाचा हात फिरवायचा, अशी दुरुस्ती सर्रास होते. काही पावसाळे गेले की फुगवटा पुन्हा तिथेच हजर. याचे कारण रिव्हेटच्या दर्जात शोधण्यात अर्थ नाही. खरा रोग असतो पत्रा आणि त्यामागचा लोखंडी पाइप यांच्यामधल्या फटीत. रिव्हेट बदलताना ती फट कोरडी ठेवण्याचा बंदोबस्त केला नाही, तर कितीही भारी रिव्हेट मारला तरी ते काम अर्धेच राहते.

या गाड्यांची घडणच अशी आहे. 1957 साली आलेली लोटस सेव्हन म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर रिव्हेटने बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. 1973 मध्ये केटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि ती जात जिवंत राहिली. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची रोडस्टर काढली. 1948 च्या लँड रोव्हरनेही पोलादी चॅसिसवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवले होते, कारण युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. 2008 मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर टाटा मोटर्सकडे आल्या, 2011 पासून पुण्यात ब्रिटनहून आलेल्या संचांतून त्यांच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. पुढे त्यात ॲल्युमिनियम बॉडीची एक्सजेही आली. त्या बॉडीचे सांधे पोलादी रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी मिळून धरलेले असतात आणि रिव्हेटवर संरक्षक मुलामा असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला दोन धातूंच्या सांध्याचा हा प्रश्न त्यामुळे मुळीच परका नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र मोटारीच्या आधीचा आहे. 1761 मध्ये ब्रिटिश आरमाराने 'एचएमएस अलार्म' या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा कित्येक खिळे झिजून गेले होते आणि पत्रे सुटू लागले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. ज्या तपकिरी कागदात गुंडाळून पत्रे आले होते, तो कागद त्या जागी चुकून मध्येच राहिला होता. विजेच्या घटाचा शोध लागण्याआधीच त्या कागदाने शास्त्र सांगून टाकले होते: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात खारट पाणी शिरले की तिथे बॅटरी तयार होते, आणि दोघांतला दुबळा धातू खाल्ला जातो.

तांबे आणि लोखंड यांत दुबळे लोखंड, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम यांत, खारट ओलाव्यात, दुबळे ॲल्युमिनियम. शिवाय आकाराचा हिशेब असतो. दुबळा धातू लहान आणि बळकट धातू मोठा असेल तर झीज झपाट्याने होते. 'अलार्म'चे खिळे असेच गेले. उलट मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात एखादाच स्टेनलेस रिव्हेट असेल तर झीज विखुरते. स्टेनलेसची शिफारस करणारे इथपर्यंत बरोबर आहेत. पण त्याच पत्र्यामागे लोखंडी पाइप उघडा असेल, तर एवढ्याशा रिव्हेटने वाचवलेले तो पाइप घालवतो. म्हणूनच गंज दिसतो ॲल्युमिनियमवर, पण रंगाचा पक्का थर हवा पाइपवर. नुसता पत्रा रंगवून पाइप उघडा सोडला, तर रंगाला पडलेल्या एका ओरखड्यावर सगळी झीज एकवटते.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे आहे. आधी जुन्या पॉप रिव्हेटचा मधला खिळा पंचाने मागे ढकलायचा, मग डोके ड्रिलने उडवायचे, भोक मोठे होऊ न देता. मोठा पत्रा तात्पुरता उचलता येत असेल तर उचलावाच. पाइपात पडलेली शेपटे आणि लोखंडी कीस काढून टाकायला हवा, कारण तो कीस ओला झाला की स्वतंत्र गंज सुरू करतो. लोखंडावर चालवलेला तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू नये. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. पाइपला एपॉक्सी प्रायमर, भोकाच्या कडांनाही, आणि तो पूर्ण वाळल्यावर पॉलियुरेथेन सीलंटचा सलग थर. नवा रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून, ओला असतानाच ओढायचा. विमानांच्या कारखान्यांत हीच पद्धत आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे, त्यातून सुटणारे आम्ल धातूला लागते. पाण्याचा निचरा होण्यासाठी केलेली भोके बुजवू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रिव्हेट स्वतःच पत्रा आणि पाइप यांना विजेच्या मार्गाने जोडतो, मग मध्ये थर देऊन काय साधते? साधते ते असे की झिजेला दोन मार्ग लागतात, एक धातूतून आणि एक पाण्यातून. पहिला तोडता आला नाही तरी दुसरा तोडता येतो, आणि तेवढे पुरते. दुसरा आक्षेप हवेचा. पुणे काही समुद्रकाठ नाही, हे खरे. अलिबागच्या मानाने इथे झीज मंदच असणार. पण फटीतला ओलावा बाहेरचा पत्रा वाळल्यावरही टिकून राहतो, आणि अशा गाडीचा मालक सुट्टीत घाट उतरून कोकणात जाणारच. सीलंटमुळे पुढच्या वेळी पत्रा काढणे जड जाते, हा तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वेळ जास्त लागतो, पत्रा वाकण्याची भीती असते. तरीही पाइप आतून पोखरला गेल्यावर करावे लागणारे वेल्डिंग त्याहून कितीतरी महाग पडते.

सुट्या भागांच्या धंद्यात 'सॉल्ट स्प्रे'च्या तासांना मोठा मान आहे. 35 अंश सेल्सियसला पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात भाग किती तास टिकला, हे त्यातून कळते. पण सुटा रिव्हेट त्या पेटीत ठेवला तर परीक्षा फक्त त्याच्या मुलाम्याची होते. पत्रा, पाइप, सीलंट आणि रिव्हेट यांचा हातभर तुकडा जोडून तोच पेटीत ठेवावा, आळीपाळीने ओला-कोरडा करावा, आणि शेवटी रिव्हेट उडवून पत्र्याची मागची बाजू उलटून पाहावी. दुरुस्ती करणाऱ्या कारखान्याकडे मुलाम्याच्या दाखल्याऐवजी असा उलटलेला तुकडा मागायला हवा.