चांगलें शैक्षणिक ॲप कसें निवडावें ?

हल्लीं चाकूर तालुक्यांतील बहुतेक घरीं एक तरी मोबाईल आढळतो, व कांहीं घरीं मुलांच्या अभ्यासासाठीं म्हणून टॅबही आणलेला असतो. सोयाबीन किंवा तूर विकून आलेल्या पैशांतून पुष्कळ पालकांनीं ही वस्तु घेतलेली असते. तेव्हां तिचा उपयोग विद्यार्जनाकडे व्हावा, अशी त्यांची इच्छा असणें स्वाभाविक आहे. परंतु मोबाईलवरील ॲपच्या दुकानांत 'अभ्यास' हा शब्द लिहून शोधूं लागलें म्हणजे असंख्य नांवें पुढें येतात, आणि त्यांतील उपयुक्त कोणतें व निरुपयोगी कोणतें, हें वरच्या चित्रावरून कळत नाहीं. ह्या निवडीसंबंधानें चार उपयोगाच्या गोष्टी आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ही कीं, शोधाचा आरंभ दुकानापासून न करितां दप्तरापासून करावा. बालभारतीच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक लहान चौकोन छापलेला असतो. त्यास क्यूआर कोड म्हणतात. केंद्र सरकारनें ५ सप्टेंबर २०१७ रोजीं सुरू केलेल्या 'दीक्षा' ह्या ॲपमधून तो चौकोन टिपला असतां त्या पाठाशीं संबंध असलेलें साहित्य उघडतें. त्यास फी पडत नाहीं; शिवाय जेथें नेटवर्क चांगलें असेल तेथें तें साहित्य उतरवून घेऊन पुढें शेतांतील घरीं, इंटरनेटवांचूनही पाहतां येतें. पुस्तकास अशा रीतीनें बोलकें करण्याच्या कामीं आपल्या मराठवाड्याशेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्याचें नांव जगभर गाजलें आहे. परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ मुलांच्या मातृभाषेंत आणून त्यांस असे कोड जोडले. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, व त्या दहा लाख डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

दुसरी गोष्ट अशी कीं, ॲप मुलाकडून कांहीं करवून घेतें, कीं त्यास नुसतें बघत बसवितें, हें तपासावें. ऑस्ट्रियांत मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ सालीं आरंभिलेलें 'जिओजेब्रा' हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. त्यांत विद्यार्थ्यानें बोटानें एक त्रिकोण काढावा, तिन्ही कोनांचीं मापें मांडावीं, व मग एक शिरोबिंदु ओढून त्रिकोणाचा आकार हवा तसा बदलावा. कोन लहानमोठे होतात, परंतु तिहींची बेरीज १८० अंशच राहते. एवढ्यानें सिद्धता झाली असें नव्हे. ती वहींत लिहावीच लागते. तथापि ती कशासाठीं लिहावयाची, हें आतां त्यास उमगलेलें असतें. लहान मुलांकरितां गूगल कंपनीनें २०१९ सालीं भारतांत 'बोलो' ह्या नांवानें काढलेलें व पुढें 'रीड अलाँग' म्हणून ओळखलें गेलेलें ॲपही ह्याच तत्त्वावर रचलेलें. मुलानें मोठ्यानें वाचावें, ॲपनें तें ऐकावें व अडलेला शब्द सांगावा, अशी त्याची योजना. तिच्यांत मराठीसही स्थान मिळालें. ह्याच्या उलट, प्रत्येक स्पर्शाबरोबर बक्षिसाचीं नाणीं खुळखुळविणारें ॲप मुलास पुष्कळ वेळ गुंतवून ठेवील, परंतु त्यास विद्या येईलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट भाषेची व अचूकपणाची. मूल ज्या भाषेंत विचार करितें त्या भाषेंत विषय लवकर समजतो. मराठी गोष्टींसाठीं 'प्रथम बुक्स' ह्या संस्थेनें २०१५ सालीं सुरू केलेला 'स्टोरीवीव्हर' हा संग्रह अवश्य पाहावा. त्यांतील सचित्र पुस्तकें विनामूल्य वाचतां येतात व उतरवूनही घेतां येतात. कोणतेंही नवें ॲप पारखावयाचें झाल्यास, मुलास पूर्वींच चांगला येत असलेला एक पाठ त्यांत उघडावा. ओळखीच्या पाठांत चूक असेल तर ती तत्काळ दिसते. अनोळखी पाठांतील चूक मात्र खरी मानून पाठ केली जाते.

चौथी गोष्ट पैशाची व खाजगी माहितीची. आरंभीं फुकट म्हणून घेतलेलें ॲप पुढें आपोआप खात्यांतून पैसे कापूं लागतें, असे प्रकार घडतात. ह्यास्तव डिसेंबर २०२१ मध्यें केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें सूचनापत्रक काढून, फीसाठीं खात्यांतून आपोआप पैसे कापण्याची संमति देण्याचें टाळावें व अटी वाचून पाहाव्या, असें पालकांस सुचविलें. एकदम दोनतीन वर्षांची फी भरणेंही शहाणपणाचें नाहीं. एके काळीं देशांतील अग्रगण्य समजली जाणारी 'बायजूज' ही कंपनी २०२४ सालीं दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली, हें ध्यानांत असावें. तसेंच पाढे शिकविणारें ॲप तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर पाहण्याची परवानगी मागूं लागलें, तर तें कशासाठीं, असा प्रश्न अवश्य करावा. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, अशी तरतूद २०२३ सालच्या कायद्यांत आहे; तेव्हां असा प्रश्न विचारण्यांत संकोच कसला ?

आतां पालकांस एक विनंति. आपण स्वतः शाळा शिकलों नाहीं, तेव्हां मुलाचें ॲप आपण काय तपासणार, असें कित्येकांस वाटतें. परंतु ह्या कामीं फार शिकलेलें असावें लागत नाहीं. आठ दिवस झाले म्हणजे मोबाईल बाजूस ठेववावा व मुलास म्हणावें, "काय शिकलास तें मला सांग बरें." तो आपल्या शब्दांत सांगूं लागला, जमिनीवर खडूनें आकृति काढून दाखवूं लागला, तर तें ॲप ठेवावें. तो नुसतें आपले मिळविलेले गुण व नाणीं सांगत असेल, तर तें काढून टाकावें. आणि घरीं मोबाईल एकच असेल, तर भावाइतकीच वेळ बहिणीसही मिळते ना, हेंही त्याच वेळीं पाहावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही ही परीक्षा वडिलांनीं घेण्याची वाट न पाहतां आपली आपणच घेत जा.