स्पायडर बॉल पायथनची मान का डगमगते?

बॉल पायथन या अजगराचा ‘स्पायडर’ हा रंगप्रकार दिसायला देखणा: सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. पण त्याची मान डगमगते, डोकं तिरकं होतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. काहींमध्ये हे जेमतेम जाणवतं, तर काही साप चक्क उलटे पडतात.

“जवळच्या नात्यात प्रजनन केल्याचा परिणाम” असं यावर हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. स्पायडरचं जनुक एकाच पालकाकडून आलं तरी रंग दिसतो, त्यामुळे नात्यात जोडी लावण्याची गरजच नसते. पिढ्यान् पिढ्या बाहेरच्या सापांशी जोड्या लावूनही डगमगणं गेलेलं नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सूक्ष्म सीटी स्कॅन केलेल्या स्पायडर सापांच्या अंतर्कर्णाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची, रचनाच बिघडलेली आढळली. रंग आणि दोष जोडीनेच येतात.

‘अल्बिनो’ या रंगप्रकाराचं गणित वेगळं. तिथे जनुक दोन्ही पालकांकडून यावं लागतं, म्हणून भावंडांची किंवा आई-मुलाची जोडी लावण्याचा मोह होतो आणि इतर दडलेले दोष वर येतात. साप नात्यातलं प्रजनन सोसतात, हा समज खोटा आहे. स्वीडनमधल्या स्मिगेहुक इथे एकाकी पडलेल्या अ‍ॅडर सापांची पिल्लं मृत किंवा व्यंग घेऊन जन्मत होती; 1992 मध्ये बाहेरून 20 नर आणून सोडल्यावर ती वसाहत सावरली.

माझं मत स्पष्ट आहे: अल्बिनोसाठी नवं रक्त आणा, स्पायडरचं प्रजनन थांबवा.