दोन मिनिटांचा गहू

शेतीचा व्हिडिओ गेम मुलांना चांगला की वाईट, असे पालक विचारतात, तेव्हा त्या प्रश्नात थोडा दिलासाही दडलेला असतो. निदान मारामारी नाही, पेरणी आहे! हा दिलासा खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण या खेळांमध्ये पीक सारखे दिसले तरी मुलाच्या वेळेशी प्रत्येक खेळाचे वागणे वेगळे असते.

या प्रकाराची सुरुवात जपानमध्ये झाली. 1996 साली यासुहिरो वादा यांचा 'बोकुजो मोनोगातारी' हा खेळ आला. जपानबाहेर तो 'हार्वेस्ट मून' या नावाने ओळखला गेला. वादा मूळचे क्यूशू बेटावरचे. टोकियोत आल्यावर मागे राहिलेल्या गावाचे मोल त्यांना कळले आणि त्यातून हा खेळ सुचला. हाणामारीवाचून खेळ रंगू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

पुढे 2009 मध्ये झिंगा कंपनीने फेसबुकवर 'फार्मव्हिल' आणला. त्यातली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई आणि वेळेवर तोडली नाही तर सुकून जाई. म्हणजे खेळ बंद केला तरी घड्याळ चालूच! आपले शेत वाळत असेल, ही धास्ती खेळणाऱ्याला पुन्हा पडद्याकडे ओढत असे. 2020 च्या अखेरीस हा खेळ बंद झाला, पण ही युक्ती इतर खेळांत टिकून राहिली.

2012 च्या 'हे डे' या मोबाइल खेळात पीक सुकत नाही. तिथला गहू दोन मिनिटांत पिकतो. आपल्याकडे त्याला साधारण 110 ते 120 दिवस लागतात. पुढे मात्र कामांना तासन्‌तास लागू लागतात आणि ती प्रतीक्षा टाळायची तर हिरे खर्चावे लागतात. हिरे संपले की खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. शेती ज्या धीरावर उभी आहे, तो धीर सोडण्याचीच इथे किंमत लावलेली आहे.

याउलट 2016 चा 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो तयार केला. एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही. खेळ बंद केला की तिथला काळही थांबतो. प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की बहुतेक पिके मरतात, म्हणून पेरणीचा हिशेब आधी करावा लागतो. बुजगावणे लावले नाही तर कावळे पीक खातात. नियोजन, बेरीज-वजाबाकी आणि संयम मूल इथे आपोआप शिकते. एक सावधगिरी मात्र हवी. तिथला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि संगणकावर दिवस संपल्यावरच खेळ जतन होतो. त्यामुळे 'अजून एकच दिवस' हा हट्ट ठरलेला. मद्यालय आणि जुगारघरही त्यात आहे, हे लहान मुलांच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या खेळात पार्सनिप या कंदाचे बी 20 नाण्यांना मिळते आणि साध्या प्रतीचा कंद 35 ला विकला जातो. कितीही माल पेटीत टाका, भाव पडत नाही. लासलगावच्या कांदा बाजारात आवक वाढली की भावाचे काय होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. खेळात कष्ट केले की नफा होतोच. शहरात वाढलेल्या मुलाच्या मनात हे गणित पक्के बसले, तर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची बातमी ऐकून ते काय म्हणेल? 'त्याने नीट काम केले नसेल.' असे वाटणे हा मला डोळ्यांच्या ताणापेक्षा मोठा धोका वाटतो.

स्विस कंपनी जायंट्सच्या 'फार्मिंग सिम्युलेटर'मध्ये बदलते भाव आहेत, बँकेचे व्याज आहे, 2018 च्या आवृत्तीपासून कापूसही आहे. पण तिथली शेती प्रचंड यंत्रांची. आपल्या दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याचा कापूस माणसांच्या हातांनी वेचला जातो, तो हात तिथे दिसत नाही.

मग निर्णय काय? जो खेळ बंद करता येतो, पुन्हा पैसे मागत नाही आणि आधी विचार करायला लावतो, तो ठरलेल्या वेळेत खेळू द्यायला हरकत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडद्यासमोर जाणारा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. त्याहून मोठ्यांसाठी मर्यादा घरानेच ठरवावी.

आणि मूल खेळत असताना शेजारी बसून दोन प्रश्न विचारावेत. पाऊस आलाच नाही तर? सगळ्यांनी एकच पीक लावले तर? खेळात या प्रश्नांची उत्तरे नाहीत. ती गावाकडच्या काका-मामांकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना विचारायला मुलाला जरूर न्यावे.