बर्फावरची गाडी आणि तिच्या क्लचचा तोल

आपल्याकडील मराठी माणसाचा बर्फाशी संबंध उसाच्या रसात पडणाऱ्या खड्यापुरता, फार तर एखाद्या काश्मीर सहलीपुरता. तरीही गुलमर्गला जाऊन आलेल्या वाचकांनी तेथे स्नोमोबाईल नावाचे वाहन पाहिले असेल. कित्येकांनी तिच्यावर मागे बसून एखादी फेरीही मारली असेल. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा, मधोमध मोटारसायकलीसारखी बैठक आणि धरावयास हँडल, असे तिचे रूप. तिला पायाने बदलावयाचे गिअर नाहीत आणि हाताने दाबावयाचा क्लचही नाही. चालकाने अंगठ्याने थ्रॉटल दाबावे आणि गाडीने निमूटपणे वेग घ्यावा. या निमूटपणामागे दोन कप्प्या, दोन स्प्रिंगा आणि एक पट्टा यांची अखंड ओढाताण चाललेली असते. ती ओढाताण नेमक्या जागी तोलून धरणे, यालाच तिकडचे जाणकार ‘क्लचची जुळणी’ म्हणतात. गाडी वेगाने पळणार की नुसतीच ओरडणार, हे पुष्कळ अंशी या जुळणीवर ठरते.

जन्मकथा

कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे खेडे आहे. तेथील जोसेफ-आर्माँ बोंबार्दिए या यांत्रिकाला लहानपणापासून एकच ध्यास होता. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गडप होत आणि खेडी जगापासून तुटत. त्या बर्फावरून चालेल अशी गाडी त्याला बनवावयाची होती. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने पंख्याच्या जोरावर सरकणारी एक घसरगाडी करून पाहिली. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बंद होते. इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल दगावले.

त्यानंतरच्या काही वर्षांतच त्याने दातेरी चाक व पट्टा यांची बर्फावर टिकणारी रचना सिद्ध केली आणि सात माणसे नेणारी बंदिस्त गाडी बाजारात आणली. डॉक्टर, टपालवाले, शाळकरी मुले यांची ने-आण अशा गाड्यांतून होऊ लागली. एकदोघांना पुरेशी अशी हलकी ‘स्की-डू’ मात्र १९५९ साली आली. तिचे इंजिन अवघ्या ७ अश्वशक्तीचे होते. आज त्याच जातीच्या गाड्या दीडशेहून अधिक अश्वशक्तीच्या निघतात. शक्ती अशी वाढत गेली, तसतसा ती पट्ट्यापर्यंत वाया न घालवता पोहोचविण्याचा प्रश्न अधिक नाजूक होत गेला.

दोन कप्प्यांचा खेळ

पिठाच्या गिरणीत दोन चाकांवरून फिरणारा पट्टा आपण सर्वांनीच पाहिला आहे. लहान चाकावरून मोठ्या चाकावर पट्टा नेला, की मोठे चाक सावकाश पण जोराने फिरते; उलट केले, की वेग वाढतो आणि जोर कमी होतो. गिरणीतील चाके जन्मभर त्याच आकाराची राहतात. स्नोमोबाईलमध्ये मात्र कप्प्या चालता चालता लहानमोठ्या होतात. प्रत्येक कप्पी म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या तबकड्या. त्या जवळ आल्या, की पट्टा काठाकडे चढतो आणि कप्पी जणू मोठी होते; त्या दूर झाल्या, की पट्टा आत उतरतो आणि कप्पी लहान होते.

पुढची कप्पी इंजिनाच्या दांड्यावर बसविलेली असते. तिच्यात तीन-चार वजने असतात. इंजिन फिरू लागले, की ही वजने बाहेरच्या दिशेस फेकली जातात आणि सरकत्या तबकडीला आत ढकलतात. एक स्प्रिंग त्यांना विरोध करते. फेरे दुप्पट झाले, की वजनांचा रेटा चौपट होतो, म्हणून येथे चिमूटभर फरकही जाणवतो. इंजिन सावकाश चालू असताना पट्टा या कप्पीत सैल पडून राहतो व गाडी जागची हलत नाही. ठरावीक फेऱ्यांना तबकड्या पट्टा पकडतात आणि गाडी निघते. म्हणूनच या कप्पीला क्लच म्हणतात.

मागच्या कप्पीचे काम निराळे. तिच्यात एक स्प्रिंग आणि जिन्यासारखा वळत जाणारा एक तिरपा उतार असतो. चढ आला, भुसभुशीत बर्फ लागला, ओझे वाढले, की या उतारामुळे मागच्या तबकड्या पट्ट्याला अधिक घट्ट आवळतात. पट्टा तेथे काठाकडे चढतो, पुढे आत उतरतो आणि गाडी आपोआप जोराच्या गिअरमध्ये येते. म्हणजे पुढची कप्पी इंजिनाचे ऐकते आणि मागची जमिनीचे ऐकते. दोघींच्या म्हणण्यातून जो मध्य निघतो, तो गाडीचा त्या क्षणीचा गिअर.

बिनगिअरची स्कूटर चालविणाऱ्या वाचकांस हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि ते साहजिक आहे. इंदूरजवळच्या पिथमपूर येथे तयार होणारी कायनेटिक होंडा १९८४ साली रस्त्यावर आली, ती याच तत्त्वावर. तिच्या आधी हॉलंडमध्ये डाफ कंपनीने १९५८ साली अशा पट्ट्यावर चालणारी मोटारही काढली होती. फरक इतकाच, की स्कूटरमध्ये वजनांच्या जागी छोटे रोलर असतात आणि गाडी निघण्यासाठी मागच्या बाजूस वेगळा क्लच असतो.

जुळणी म्हणजे काय?

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. क्लचची जुळणी केल्याने इंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. आहे ती शक्ती वाया जाऊ द्यावयाची नाही, एवढेच क्लचचे काम. दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांना, समजा ८,००० फेऱ्यांना, सर्वाधिक जोर देते. त्याच्या दोनतीनशे फेरे अलीकडे वा पलीकडे गेले, की जोर झपाट्याने उतरतो. तेव्हा थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर काटा त्या आकड्यावर जाऊन स्थिर राहावा आणि गाडीचा वेग मात्र वाढत राहावा, हे जुळणीचे ध्येय. इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत राहतो आणि झाडे मात्र अधिकाधिक वेगाने मागे पळतात, हे जुळणी साधल्याचे लक्षण.

काटा आकड्याच्या वर जात असेल, तर पुढची वजने हलकी पडतात. ती थोडी जड करावीत. काटा खाली रेंगाळत असेल, तर वजने जड आहेत. ती हलकी करावीत. प्रत्येक वजनात एका ग्रॅमचा फरक केला, तरी काटा शे-दीडशे फेऱ्यांनी सरकतो. गाडी किती फेऱ्यांना निघावी, हे मुख्यतः पुढच्या स्प्रिंगच्या सुरुवातीच्या ताणावर ठरते. शर्यतीत उडी घेणाऱ्याला ती ताठ हवी. मऊ बर्फातून हळुवार निघणाऱ्याला नरम हवी, नाहीतर मागचा पट्टा जागच्या जागी खड्डा खणतो.

मागच्या उताराचा कोन हा जुळणीचा दुसरा धागा. उतार तीव्र असला, की गाडी लवकर वेगाच्या गिअरमध्ये जाते व फेरे थोडे उतरतात. सपाट कठीण बर्फावर हे चालते. उतार सौम्य असला, की ती सावकाश वर जाते, पण चालकाने थ्रॉटल सोडून पुन्हा दाबले, की चटकन जोरात येते. डोंगरात आणि झाडीत हाच गुण उपयोगी पडतो.

उंचीचा हिशेब वेगळाच. हवा विरळ झाली, की इंजिनाचा दम कमी होतो. दर ३०० मीटर चढाईला साधारण तीन टक्के शक्ती घटते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला उत्तम जुळवलेली गाडी तेथे नेली, तर तिची जवळजवळ पाव शक्ती गेलेली असते आणि तीच वजने तिला जड होतात. म्हणून डोंगरातील चालक हलकी वजने वापरतात.

क्रम आणि सावधगिरी

जाणते लोक वजनांना हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहतात. पट्ट्याची रुंदी व कडा शाबूत आहेत ना, दोन्ही कप्प्या एका रेषेत आहेत ना, आणि तबकड्या स्वच्छ, तेलकटपणाविरहित आहेत ना? या तिन्हींत दोष असताना केलेली जुळणी म्हणजे भिंतीची ओल तशीच ठेवून वर रंग लावणे. त्यानंतर आधी पुढची कप्पी, मग मागची. एका वेळी एकच बदल. शक्यतो त्याच दिवशी, त्याच बर्फावर चाचणी. आणि प्रत्येक आकडा वहीत. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळेनासे होते.

फेरी संपल्यावर इंजिन बंद करून कप्प्यांजवळ हात नेऊन पाहावा. कप्पी कोमट असली तर ठीक. हात ठेववेना इतकी तापली असेल, तर पट्टा तेथे घसरत आहे आणि बर्फावर खर्च व्हावयाची शक्ती उष्णतेत जात आहे. मात्र झाकण काढून इंजिन कधीही चालवू नये. भर वेगात तुटलेला पट्टा हाडे मोडू शकतो. दाबलेली स्प्रिंगही योग्य अवजाराखेरीज उघडू नये.

कॅनडाच्या उत्तरेकडील वस्त्यांत आजही शिकारीला, शेजारच्या गावाला आणि आजारी माणसाला पोहोचविण्यास ही गाडी जुंपली जाते. तेथे उणे तीस अंशांच्या थंडीत गावापासून कोसो दूर पट्टा तुटणे हा जिवाशी गाठ असलेला प्रसंग ठरतो. म्हणून अनुभवी चालक जुळणी कितीही उत्तम असली तरी बैठकीखाली एक जादा पट्टा ठेवतो आणि तो अंधारात, हातमोजे घालून, कसा बसवावयाचा याचा सराव घरच्या अंगणातच करून ठेवतो.