बाण कुठे लावायचा?

लेखमाला : वेगळ्या वाटा – भाग ९

डिसेंबर २०२३ पर्यंत दादर स्थानकात एक नंबरचे दोन फलाट होते. एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. तीनचेही दोन, चारचेही दोन. रोजच्या प्रवाशाचं त्यामुळे काही अडत नव्हतं. ‘वेस्टर्नचा एक’ आणि ‘सेंट्रलचा एक’ ही तोड त्याने स्वतःच काढली होती. अडायचं ते बाहेरगावच्या गाडीला आलेल्या माणसाचं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोर, तिकिटावर गाडीचं नाव, आणि पुलावर दोन दिशांना दोन ‘फलाट क्र. ४’. मग हमालाला विचारा, पेपरवाल्याला विचारा. ९ डिसेंबरपासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. त्यासाठी नवा पूल बांधावा लागला नाही की जिना हलवावा लागला नाही. आकड्यांचा क्रम सलग झाला आणि त्यामागून पाट्या, दर्शक, उद्घोषणा बदलल्या.

सार्वजनिक जागेत माणसाला वाट सापडावी म्हणून जे काही योजलं जातं, त्याला जगभर ‘वेफाइंडिंग’ म्हणतात. आपल्याकडे सरसकट ‘साइनेज’ म्हटलं की चालतं. या व्यवसायाचं नाव काढलं की लोकांना पाट्या रंगवणारा आठवतो किंवा फ्लेक्सचं दुकान. दादरच्या उदाहरणात पाटी सगळ्यात शेवटी आली. आधी कुणीतरी बसून ठरवलं की कशाला काय म्हणायचं. या कामाचा मोठा भाग असाच पाटीच्या आधी होतो, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना नेमकं तेच कुणी सांगत नाही.

या विचाराला शास्त्राची बैठक मिळाली ती केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराच्या १९६०च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या पुस्तकाने. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना त्याने आपापल्या शहराचे नकाशे आठवणीतून काढायला लावले. त्या नकाशांत पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : वाटा, कडा, भाग, नाकी आणि खुणेच्या जागा. पुणेकराला हे पटायला पुस्तक लागत नाही. लक्ष्मी रस्ता ही वाट, मुठा ही कड, सदाशिव पेठ हा भाग, अलका टॉकीजचा चौक हे नाकं आणि शनिवारवाडा ही खूण. एवढ्यावर तो पत्ता सांगतो, समोरच्याला तो सापडतोही. माणसं शहर डोक्यात कसं साठवतात हे कळलं की पाटी कुठे लागेल आणि कुठे मुळीच लागणार नाही, तेही कळू लागतं.

आता एखाद्या मोठ्या रुग्णालयाचं काम हाती आलं असं समजू. पहिले काही दिवस संगणक उघडायचाच नाही. दाराशी उभं राहायचं, आत येणाऱ्या माणसाच्या मागोमाग चालायचं आणि तो कुठे थबकतो, मान कुठे वळवतो, कुणाला विचारतो याची नोंद करायची. अशा थबकण्याच्या जागेला निर्णयबिंदू म्हणतात. पाटी तिथे लागते. त्याच्या दहा पावलं पुढे लावली तर वाया गेली. दुसरी नोंद भिंतींवरच्या कागदांची. सुरक्षारक्षकाने किंवा खिडकीवरच्या बाईंनी ए-फोर कागदावर ‘एक्स-रे इथे नाही, पलीकडच्या इमारतीत’ असं स्केचपेनने लिहून चिकटवलेलं असतं. या व्यवसायातली जाणती माणसं असे कागद फाडत नाहीत, त्यांचे फोटो काढतात. मूळ योजना नेमकी कुठे हरली त्याचा तो फुकटात मिळालेला अहवाल असतो.

मग मजकूर ठरवायचा. शासकीय पाटीवर ‘नोंदणी कक्ष’ असतं, पण दारातून आत आलेला माणूस विचारतो, ‘केस पेपर कुठे काढायचा?’ पाटीवर ‘केस पेपर’च असावं असं माझं ठाम मत आहे. ‘क्ष-किरण विभाग’ वाचून माणूस पुढे निघून जातो आणि वळून ‘एक्स-रे कुठाय हो?’ म्हणून विचारतो. ही भाषाशुद्धीच्या वादाची जागा नव्हे. तिथे कुणाचं तरी मनगट मोडलेलं असतं.

हा सगळा मजकूर एका लांबलचक तक्त्यात भरला जातो. पाटीचा क्रमांक, नकाशावरची जागा, पुढची बाजू, मागची बाजू, मराठी, हिंदी, इंग्रजी, बाणाची दिशा. मोठ्या विमानतळाच्या किंवा मेट्रो मार्गाच्या तक्त्यात हजारो ओळी असतात. कलाशाखेतून आलेल्या मुलांना इथे पहिला धक्का बसतो, कारण वर्षातले कित्येक महिने एक्सेलमध्ये जातात. त्यातही सगळ्यात छळतो तो बाण. वर टोक असलेल्या बाणाचा रूढ अर्थ ‘सरळ पुढे’. तोच बाण जिन्याच्या तोंडाशी लावला की माणूस वर चढतो आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन रक्ततपासणी शोधत बसतो. त्यावर उपाय दोन : बाणाशेजारी जिन्याचं चित्र द्यायचं, नाहीतर पाटी जिन्यापासून इतकी दूर न्यायची की शंकेला वावच उरणार नाही. दुसरा उपाय चांगला, पण तिथे नेमका खांब नसतो, नाहीतर स्प्रिंकलरची नळी आडवी येते.

असल्या बारकाव्यांसाठी कोण पैसे मोजणार, असा प्रश्न व्यवस्थापन विचारतंच. त्यासाठी १९९०चा एक अमेरिकी अभ्यास हाताशी ठेवावा. एका मोठ्या रुग्णालयात वाट चुकण्यापायी होणारा खर्च मोजला, तो वर्षाला दोन लाख वीस हजार डॉलरच्या वर गेला. त्यात कर्मचाऱ्यांचे साडेचार हजारांहून जास्त तास होते, आणि हे कर्मचारी चौकशीच्या खिडकीवरचे नव्हेत. आपापली कामं सोडून लोकांना वाट दाखवणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर यांचे ते तास होते.

मजकुरानंतर अक्षर. इथे ब्रिटनची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या नव्या मोटारमार्गांसाठी १९५०च्या दशकाच्या शेवटी जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी पाट्या तयार केल्या, पुढे देशभरच्या रस्त्यांसाठीही केल्या. सगळीच अक्षरं कॅपिटल ठेवायची, की पहिलं मोठं आणि बाकीची लहान, यावर मोठं रणकंदन माजलं. डेव्हिड किंडर्स्ली हे दगडावर अक्षरं कोरणारे नामांकित कारागीर कॅपिटलच्या बाजूचे. शेवटी बेन्सनच्या विमानतळावर हवाई दलाच्या जवानांना एका मंचावर बसवलं, मोटारीच्या टपावर पाट्या लावून ती त्यांच्याकडे चालवत आणली आणि नाव कधी वाचता येतं ते नोंदवलं. किंडर्स्लींची अक्षरं किंचित जास्त अंतरावरून वाचता आली. तरीही निवड झाली ती किनिअर-कॅल्व्हर्ट यांचीच. मोजमापाने प्रश्न सुटतो असं मानणाऱ्यांना ही गोष्ट पचत नाही, पण फरक इतका थोडा होता की बाकीच्या गोष्टी जड ठरल्या. त्या पाट्या १९६५ पासून ब्रिटनभर लागल्या, आणि तिथल्या रस्त्यांवर आजही तेच अक्षर आहे.

आपल्याला त्या वादाचा उपयोग नाही. देवनागरीत कॅपिटल नाही. आपली दुखणी वेगळी, आणि परदेशी पुस्तकांत त्यांच्यावर औषध नाही. ‘कुर्ला’ घ्या. खाली क-ला उकार, वर ल-वर रफार. ‘मुंब्रा’ घ्या, तिथे उकार, अनुस्वार आणि खालची तिरपी रेघ, तिन्ही. पट्टीची उंची तेवढीच असेल तर इंग्रजी ‘KURLA’ ती भरून टाकतं आणि मराठी ‘कुर्ला’ला वरखाली जागा सोडून मधल्या अक्षराला आक्रसावं लागतं. संगणकात दोन्हींना एकच आकडा दिला की मराठी लहान दिसते, आणि ज्याला फरक दिसत नाही तो तसंच छापून मोकळा होतो. इंग्रजीसाठी ढोबळ नियम असा की एक इंच उंचीचं अक्षर पंचवीसेक फुटांवरून सहज वाचता येतं. देवनागरीला तो नियम जसाच्या तसा लावू नये. कागदावर खऱ्या मापात छापून, जागेवर चिकटवून, मागे मागे जात स्वतः वाचून बघावं, आणि चष्म्यातला माणूसही सोबत न्यावा.

आतून उजेड असलेल्या पाटीची आणखी एक खोड. प्रकाश पसरतो आणि लहान अनुस्वार शिरोरेषेत विरघळून जातो. कापून चिकटवलेल्या ॲक्रिलिकच्या अक्षरांत तर अनुस्वार हा सुटा तुकडा असतो. दोन पावसाळे गेले की पहिला तोच पडतो, आणि ‘मुंबई’ची ‘मुबई’ झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अनुभवी माणूस आराखड्यातच टिंब थोडं मोठं काढतो आणि त्याला वेगळी खीळ लिहून देतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदी छापातल्या वळणांहून वेगळी असतात, हेही कंत्राटदाराला लिहूनच द्यावं लागतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांच्या आणि आस्थापनांच्या नामफलकावर मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान असून चालत नाही, त्यामुळे या तपशिलांना आता कायद्याचंही पाठबळ आहे.

अक्षर न वाचणाऱ्यांचं काय? मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमन यांनी तिथल्या प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण नावाचा अर्थच नाकतोड्याची टेकडी. पिनो सुआरेझ स्थानकाला खोदकामात सापडलेलं जुनं मंदिर. लिहिता-वाचता न येणारा माणूस ‘नाकतोड्याला उतरायचंय’ म्हणू शकला, आणि ही पद्धत तिथे आजही चालू आहे. मुंबईच्या लोकलमध्ये हे काम बऱ्याच अंशी पट्ट्यांनी केलं : फर्स्ट क्लासच्या तिरप्या पट्ट्या आणि महिलांच्या डब्यावरचं डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. पश्चिम रेल्वेने काही वर्षांपूर्वी त्या बाईचा पेहराव बदलला आणि २०२० मध्ये दादर-माहीमकडच्या सिग्नलवर चालणाऱ्या पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली. त्यावर हसणारे हसले. मला ते महत्त्वाचं वाटतं, पण सिग्नलच्या वेळात म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडता येतो का, हे त्याहून महत्त्वाचं वाटतं. हॉटेलांतल्या स्वच्छतागृहांच्या दारावरच्या मिशा, टोप्या आणि पिसं याबद्दल मात्र काही न बोललेलंच बरं.

काही गोष्टींत कलाकाराला मोकळीक नाही आणि ते योग्यच आहे. रस्त्यावरच्या चिन्हांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ६७’ ही संहिता आहे : आदेश वर्तुळात, धोका त्रिकोणात, माहिती चौकोनात. आग लागल्यावर बाहेर पडायची हिरवी पाटी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लागते. जमिनीवरच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा म्हणजे अंधांसाठीची पाटीच. सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून जपानच्या ओकायामात १९६७ मध्ये त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. आपल्याकडे ही ओळ सरळ विजेच्या खांबात जाऊन धडकते, कारण फरशी बसवणाऱ्याला ती सजावट वाटलेली असते. म्हणून बसवण्याच्या वेळी डिझायनरने जागेवर असणं कामाचाच भाग मानतात. मेट्रो आणि विमानतळावर हे सगळं रात्री चालतं.

आता शिक्षणाचं. या विषयाची स्वतंत्र पदवी शोधत बसू नका. आयआयटी मुंबईचं आयडीसी (स्थापना १९६९), अहमदाबादची एनआयडी, मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, पुण्यातल्या डिझाइन संस्था, यांतून दृश्यसंवाद किंवा उपयोजित कला शिकून माणसं इकडे वळतात. वास्तुशास्त्राकडून येणारेही पुष्कळ. आयआयटीच्या डिझाइन अभ्यासक्रमांसाठी बारावीनंतर यूसीईईडी आणि पदवीनंतर सीईईडी या परीक्षा असतात. आयडीसीत र. कृ. जोशींनी अक्षररचना शिकवली. विंडोजवरचा ‘मंगल’ त्यांचाच. त्या परंपरेचा फायदा असा की आज देवनागरीत निवडायला चांगले टंक आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ तर मोफत मिळतो.

नोकऱ्या चार ठिकाणी असतात : साइनेजवरच काम करणारे लहान स्टुडिओ, मोठ्या वास्तुविशारदांची कार्यालयं, मेट्रो-विमानतळांचे सल्लागार आणि पाट्या बनवणारे कारखाने. कारखान्याला नाकं मुरडू नका. कोणता पत्रा वाकतो, कोणतं व्हिनाइल उन्हात पांढरं पडतं आणि किती उंचीवर पोरं पाटी ओरबाडतात, हे तिथेच कळतं. पैशाची बाजू साफ सांगायला हवी. सरकारी निविदेत पाटीचा दर बहुधा चौरस मीटरवर असतो आणि विचार चौरस मीटरमध्ये मोजता येत नाही. त्यामुळे डिझाइनची फी अनेकदा कंत्राटदाराच्या रकमेत विरून जाते आणि बाण कुठे लावायचा हे तोच शेवटी सोयीने ठरवतो. सुरुवातीचे पगार साध्या ग्राफिक डिझाइनरइतकेच. फरक पुढे पडतो, कारण तक्ता, नकाशा, भाषा आणि पत्रा हे सगळं सांभाळू शकणारी माणसं फार नाहीत आणि मेट्रोचे नवे मार्ग थांबलेले नाहीत. नाशिकच्या सिंहस्थात २०२७ मध्ये लाखो माणसं अनोळखी गल्ल्यांतून एकाच घाटाकडे जातील. गर्दीत नुसत्या बाणाने भागत नाही, परतीची वाटही वेगळी दाखवावी लागते.

पोर्टफोलिओसाठी काल्पनिक विमानतळ काढू नका, परीक्षकांनी ते शेकड्यांनी पाहिलेत. आपल्या गावचा एसटी स्टँड घ्या. दोन दिवस उभं राहून लोक चौकशी खिडकीवर काय विचारतात ते शब्दशः टिपा, नकाशावर थबकण्याच्या जागा मांडा, पाच पाट्या कागदावर खऱ्या मापात करून परवानगीने चिकटवा आणि प्रश्न कमी झाले का ते पुन्हा मोजा. नाही झाले तर तेही लिहा.

(पुढील भागात : संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारे संवर्धक)