तलवारीच्या धारेपासून जवारीपर्यंत : मिरजेच्या सतारमेकरांचा मागोवा

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ३० मार्च २०२४ रोजी भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारदरबारी नोंद आता झाली. गवयांच्या घरी ती कित्येक पिढ्यांपूर्वीच झालेली होती. तंबोरा मिरजेचा आहे म्हटले की पुढे काही विचारायचे उरत नसे. या लौकिकामागे फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्याच्या सहा-सात पिढ्या आहेत. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात लाकडावर पोट भरणारी घरे कमी नाहीत. बैलगाड्या आणि औते करणारे सुतार आहेत, वखारी आणि सॉ मिल चालवणारे आहेत. पण एकाच गावात, एकाच घराण्याभोवती, एकच कारागिरी पावणेदोनशे वर्षे टिकल्याचे उदाहरण मिरजेचेच.

शस्त्रे गेली तेव्हा

शिकलगार म्हणजे तलवारी, भाले आणि कट्यारी यांना धार लावणारे. १८१८ साली पेशवाई संपली आणि या धंद्याचा पाया खचू लागला. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान उरले, पण लढाया उरल्या नव्हत्या. हातात कसब असून काम नाही, अशी वेळ आली.

१८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि तिथून ते नवी वाद्ये घडवण्याकडे वळले. संस्थानात गाण्याची कदर होती, गवई-वादकांचा राबता होता आणि त्यांची वाद्ये नीट करून देणारा माणूस गावात हवाच होता. शस्त्रकार वाद्यकार झाला याचे अनेकांना नवल वाटते. काम जवळून पाहिले तर त्यात संगती दिसते. कानस कुठे थांबवायची हे शिकलगाराच्या बोटांना ठाऊक असते, आणि तंबोऱ्याचा सगळा प्राण कानशीच्या शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत असतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला अगदी हलका बाक द्यायचा, म्हणजे कंप पावणारी तार त्या माथ्याला अलगद घासत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. हीच जवारी. ती मोजपट्टीने लागत नाही. हात आणि कान दोन्ही तयार लागतात, आणि ते तयार व्हायला वर्षे जातात.

लाकूड, भोपळा आणि वेळ

या धंद्याचे भांडवल म्हणजे तुनीचे लाकूड. सह्याद्रीच्या ओलसर रानात वाढणारा, कडुलिंबाच्या कुळातला हा वृक्ष. त्याचे लाकूड तांबूस, वजनाला हलके आणि सुवासिक असते. ते सहसा वाकडे होत नाही आणि किडीला सहजी बळी पडत नाही. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी) यांना असेच लाकूड हवे. जड लाकूड नाद गिळते आणि कच्चे लाकूड पावसाळ्यात फुगते. म्हणून लाकूड आणल्यावर लगेच कामाला घेत नाहीत. ते वाळवतात, मुरू देतात, गाठ आणि चीर पाहतात. खुंट्यांना शिसवीसारखे कठीण लाकूड लागते.

मिरजेचे हे लाकूड प्रामुख्याने कर्नाटकातल्या रानांतून येत आले, आणि वाद्याचा नाद घुमवणारे भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून. हा भोपळा भाजीचा नव्हे. जाड सालीचा, वेलीवरच पुरता पिकलेला आणि मग महिनोन्महिने वाळवलेला असा तो असतो. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला भीमेचा कोरडा काठ आणि मधोमध मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजमार्गे बेळगाव-धारवाडकडे जाणारी रेल्वे आली. माल आणणे आणि वाद्ये पाठवणे, दोन्ही सोपे झाले.

गिऱ्हाईक बदलत गेले

पिढीजात धंदे बहुधा गिऱ्हाईक बदलले की मोडतात. मिरजेत तसे झाले नाही, आणि या इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच.

पहिले गिऱ्हाईक दरबाराच्या आश्रयाचे. पुढे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत आले आणि विष्णु दिगंबर पलुसकर इथेच त्यांच्याजवळ शिकले. १८९६ साली पलुसकरांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत आले, शाळेतून मध्यमवर्गाच्या घरात शिरले. गाणे शिकणाऱ्या प्रत्येक घराला तंबोरा हवा होता. संगीत नाटकांच्या मंडळ्यांनीही गाण्याची गोडी गावोगाव पोचवली.

किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांनी तर मिरज आपलीच मानली. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत जाणकार होते, जवारीच्या बाबतीत काटेकोर होते. असे गिऱ्हाईक रोज दारात असणे ही कारागिराची परीक्षाही आणि शाळाही. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी तिथे होणारी संगीतसभा आजही गवयांना मिरजेकडे खेचून आणते. त्यांच्या किराना घराण्याचा विस्तार पुढे हुबळी-धारवाडकडे झाला, म्हणजे मिरजेच्याच रेल्वेमार्गावर. मिरजेच्या तंबोऱ्याला त्या मैफलींत मानाची जागा मिळाली.

साताऱ्याचाही या कथेत वाटा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० साली ग्रंथ लिहिला. त्यांनी आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या न्यायाधीशांनी साताऱ्यात १९११ साली फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन केली. श्रुती दाखवणारी खास पेटीही बनवून घेतली. श्रुतींवर वाद पुष्कळ झाले, पण त्या वादांनी सूक्ष्म स्वराचा विचार ऐरणीवर आणला. ज्या कानाला स्वरातला बारीक फरक कळतो, त्याला कामचलाऊ तंबोरा चालत नाही. पुढे आकाशवाणीने १९४० साली पेटीवर (हार्मोनियमवर) बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत राहिली. त्या काळात रेडिओवरचे गाणे पेटीवाचून, तंबोऱ्याच्या झंकारावर उभे राहिले.

अडचणींची मालिका

घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि कारागीर उंटाच्या हाडाकडे, आबनुसाकडे वळले. १९७९ साली बंगळूरच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. पुढे तो मोबाइलमध्ये येऊन बसला. रियाझापुरते वाद्य हवे असणारा मोठा वर्ग त्यामुळे हातचा गेला.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि वनक्षेत्रातल्या लाकूडगिरण्यांवर कडक बंधने घातली. जंगलासाठी तो निर्णय आवश्यकच होता. पण चांगल्या लाकडासाठी रानावर अवलंबून असलेल्या कारागिराला त्यानंतर पर्याय कोणी उभा करून दिला नाही. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आल्या आणि शिसवीचा भाग असलेले वाद्य परदेशी पाठवताना कागदपत्रांचा व्याप वाढला. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९च्या अखेरीस.

या प्रत्येक वेळी घराण्याने मार्ग काढला. भावकी वाढली, दुकाने वाढली, सतारमेकर हे आडनावच झाले. तंतुवाद्ये करणारे चारशेहून अधिक कारागीर आज मिरजेत आहेत. तरीही एक तंबोरा तयार व्हायला आठवडे लागतात, आणि तेवढ्या वेळाचा मोबदला नव्या पिढीला दुसऱ्या नोकरीत सहज मिळतो.

पुढचे काम

मानांकनाने नावाचे रक्षण होईल. दुसरीकडे केलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपवणाऱ्यांना चाप बसेल. पण नावापाठीमागचे लाकूड आणि भोपळा यांचे काय? तुनीचे झाड उपयोगी पडायला काही दशके लागतात. आज लावलेल्या रोपाचे लाकूड आठव्या पिढीच्या हाती येईल. म्हणून ते आजच लावले पाहिजे. महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरउतारांवर, शेतांच्या बांधांवर तुनीची लागवड करून ते लाकूड परवान्यांच्या जाचाशिवाय कारागिरांपर्यंत पोचावे, एवढी व्यवस्था वनविभागाने आणि सहकारी संस्थांनी मनावर घेतली तर अवघड नाही. मंगळवेढ्याच्या भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हमखास भाव मिळाला पाहिजे. आयटीआयमधल्या सुतारकामाच्या विद्यार्थ्यांना मिरजेत उमेदवारी करता आली पाहिजे.

आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना एक विनंती. रियाझाला यंत्र जरूर वापरा, पण घरात एक खरा तंबोरा ठेवा. तो मिरजेला जाऊन, कारागिरासमोर बसून, जवारी ऐकून घ्या, आणि त्याने सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या. हा धंदा पावणेदोनशे वर्षे टिकला तो चांगले वाद्य ओळखणाऱ्या आणि त्याचे पुरते दाम मोजणाऱ्या माणसांमुळे. पुढेही तो त्यांच्यामुळेच टिकेल.